जुन्या वास्तूची दुरुस्ती काढण्यापूर्वी: गोव्यातील घरमालक, वारस आणि महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील जुनी घरे, देवळे, अग्रशाळा (देवळाच्या आवारातील भाविकांच्या निवासाच्या खोल्या) आणि दीपमाळा दुरुस्त करायला घेण्यापूर्वी जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बांधकाम कसे करावे हा येथील विषय नाही. पहिले कौल खाली उतरण्याच्या आधीच्या वर्षभरात काय पाहायचे, कोणाला विचारायचे आणि कशाची नोंद करून ठेवायची, एवढ्यापुरतीच ही प्रश्नोत्तरे आहेत. जुन्या वास्तूंचे जे नुकसान मी आजवर पाहिले, त्यातील बरेचसे वास्तूच्या वयामुळे नव्हे, तर न विचारता आणि घाईने काढलेल्या दुरुस्तीमुळे झालेले होते.

घर शंभराहून अधिक वर्षांचे आहे आणि यंदा दुरुस्ती काढायची आहे. सुरुवात कोठून करावी?

शक्य असेल तर यंदा काम काढू नये. एक पूर्ण पावसाळा त्या घरात, किंवा निदान त्या घराकडे वारंवार जाऊन, काढावा. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे घराचे खरे दुखणे एप्रिलच्या उन्हात कोणालाच दिसत नाही. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत जुलैमध्ये जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत काळसर ओली होते, तेव्हा पाणी खालून वर चढत आहे हे कळते. तीच ओल छताच्या पाट्यापासून खाली ओघळत आली असेल, तर दोष कौलांत किंवा पन्हळीत असतो. या दोन्हींवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि एकाच्या जागी दुसरा केला, तर पैसा जातो आणि ओल तशीच राहते.

पावसाळ्यात करायचे काम साधे आहे. घराचा एक कच्चा नकाशा कागदावर काढावा, प्रत्येक खोलीत कोठे गळते, कोठे पाझरते, कोठे बुरशी धरते त्याच्या खुणा तारखेसह कराव्यात आणि प्रत्येक खुणेचे छायाचित्र दर महिन्याला एकाच जागी उभे राहून घ्यावे. मुसळधार सर चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी आणि पागोळ्यांचे पाणी कोठे पडते व तेथून कोणत्या दिशेने वाहते, ते पाहावे. आपल्या गावांत डांबराच्या थरावर थर चढून रस्ते दर काही वर्षांनी उंच होत गेले आहेत, त्यामुळे एकेकाळी रस्त्यापेक्षा उंच असलेली अंगणे आता सखल झाली आहेत आणि रस्त्याचे पाणी थेट जोत्याशी येऊन थांबते. अशा घरात भिंतीला काहीही लावण्यापूर्वी अंगणाचा उतार आणि गटार यांचा विचार करावा लागतो, आणि कित्येकदा तेवढ्यानेच निम्मी ओल हटते.

भिंतींना भेगा आहेत. पावसाळाभर थांबणे धोक्याचे नाही का?

भेग जिवंत आहे की जुनी होऊन थांबलेली आहे, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके भिंतीला प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावीत आणि शेजारी तारीख लिहावी. भिंत हलत असेल, तर पट्टी तडकते. पट्टी वर्षभर अखंड राहिली, तर ती भेग बहुधा आपल्या आजोबांच्याही वेळी तशीच असेल. मात्र भिंत पोटाशी फुगलेली असेल, तुळईचे टोक भिंतीतून सरकलेले असेल किंवा छप्पर एका बाजूला झुकलेले दिसत असेल, तर थांबू नये. स्थापत्य अभियंत्याला लगेच बोलावून टेकू द्यावेत. टेकू देणे ही तात्पुरती व्यवस्था असते, आणि ती केल्यावर विचार करायला पुन्हा वेळ मिळतो.

घरावर अनेक वारसांचे हक्क आहेत, पण राहतो फक्त मी. सगळ्यांना विचारणे खरोखरच आवश्यक आहे का?

होय, आणि गोव्यात तर इतर ठिकाणांपेक्षा अधिक. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली आणि आज २०१२च्या गोवा वारसा कायद्याने चालणारी आपली व्यवस्था अशी आहे की मुलांना, मग तो मुलगा असो वा मुलगी, वारशातून सहजासहजी वगळता येत नाही आणि पती-पत्नीचा मालमत्तेत बहुधा सामाईक हिस्सा असतो. परिणामी एखाद्या मोठ्या घराला आज वीस-तीस वारस असणे, त्यांतील काही मुंबईत, काही लिस्बनमध्ये, तर काही आखातात असणे, हे नेहमीचेच आहे. वाटणीची इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करण्याची न्यायालयीन प्रक्रिया) झालेली नसेल, तर एकट्याने काढलेले काम एका पत्रानिशी थांबवले जाऊ शकते. छप्पर उघडे असताना काम थांबले, तर काय होते, ते पहिल्याच पावसात दिसते.

कायद्याची बाजू बाजूला ठेवली, तरी विचारण्याचे आणखी एक कारण आहे. घराविषयीची माहिती याच विखुरलेल्या माणसांकडे असते. बंद केलेले दार कोठे होते, राजांगणातील (घराच्या मधल्या चौकातील) पाणी जाण्याची मोरी कोणत्या खोलीखालून जाते, मागची पडवी कोणी आणि केव्हा वाढवली, हे नव्वदीतल्या आत्याला ठाऊक असते आणि ते कोणत्याही नकाशात नसते. म्हणून सहीसाठी पत्र पाठवताना त्यासोबत दोन-चार प्रश्नही पाठवावेत आणि घराची जुनी छायाचित्रे मागवावीत. लग्नाच्या आणि मुंजीच्या अल्बमांत माणसांच्या मागे खिडक्या, खांब आणि जमिनीच्या लाद्या दिसतात, आणि ते फार उपयोगाचे असते.

घराच्या आवारात मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारे) कुटुंब राहत असेल, तर १९७५च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण आहे, हे लक्षात घेऊन त्यांनाही सुरुवातीलाच बोलणीत घ्यावे. विहीर, वाट आणि सांडपाणी हे दोघांचे सामाईक विषय असतात.

कोणकोणत्या परवानग्या लागतात?

याचे उत्तर घर कोठे आहे यावर अवलंबून आहे. गावातील घरासाठी ग्रामपंचायतीचा दुरुस्ती परवाना लागतो, शहरात पालिकेचा किंवा पणजीत महानगरपालिकेचा. कामाच्या स्वरूपानुसार नगर व ग्राम नियोजन खात्याची किंवा त्या भागाच्या नियोजन व विकास प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता लागू शकते. पणजीच्या फोंतेन्यशसारख्या संवर्धन क्षेत्रात रस्त्याकडील दर्शनी भाग, खिडक्या आणि छपराचा उतार यांत बदल करण्यापूर्वी संवर्धन समितीपुढे जावे लागते.

घराजवळ केंद्रीय संरक्षित स्मारक असेल, तर १९५८च्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून पहिले शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र मानले जाते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. असलेल्या घराची दुरुस्ती होऊ शकते, पण त्यासाठी रीतसर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. जुन्या गोव्यातील चर्च आणि मठ, जे १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांच्या आसपासच्या घरमालकांना हा नियम चांगलाच परिचयाचा आहे. राज्य संरक्षित वास्तूंना १९७८चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यांच्यासाठी राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे जावे लागते. समुद्र, नदी किंवा खाडी जवळ असल्यास किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी आवश्यक ठरू शकते, आणि आवारातील झाड तोडायचे असल्यास १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वन खात्याची.

अर्जासोबत एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची महसुली नोंद), सर्वेक्षण आराखडा आणि घरपट्टीची पावती हवीच. उताऱ्यावर अजून पणजोबांचेच नाव असेल, तर ते दुरुस्त करून घ्यायला लागणारा वेळ कामाच्या वेळापत्रकात आधीच धरावा.

आमचे घर कोणत्याही वारसा यादीत नाही. मग एवढा विचार कशाला?

यादीत नाव असणे ही शासकीय नोंद आहे. त्यावरून घराचे मोल ठरत नाही. फोंडा, डिचोली, पेडणे, सांगे या भागांतील चौसोपी घरे, त्यांची राजांगणे, कोरीव खांब आणि शेणाने सारवलेल्या जमिनी यांची नोंद अजून पुरेशी झालेलीच नाही; पर्यटकांच्या नकाशात सासष्टी-बार्देशमधील मोठे वाडे आधी आले, म्हणून ही घरे मागे राहिली. उलट यादीत नसलेल्या घराला कायद्याचे कवच नसते, त्यामुळे मालकाचा निर्णय हाच तेथे अंतिम असतो. अशाच असंरक्षित वास्तूंसाठी इन्टॅक या वारसा जतनाच्या संस्थेने २००४ साली एक सनद तयार केली. स्थानिक कारागिरांच्या परंपरेला त्या सनदेत जे महत्त्व दिले आहे, ते आपल्या घरांना अगदी लागू पडते. इन्टॅकचा गोव्यातही विभाग आहे आणि प्राथमिक मार्गदर्शनासाठी तेथे चौकशी करता येते.

सल्लागार कोण असावा आणि त्याची पारख कशी करावी?

संवर्धनाचे शिक्षण किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेला वास्तुविशारद आणि जुन्या दगडी-लाकडी बांधकामाचा अनुभव असलेला स्थापत्य अभियंता, असे दोघे असावेत. नवे बंगले उत्तम बांधणारा माणूस जुन्या घरासाठी योग्य असेलच असे नाही. काँक्रीटच्या सांगाड्याचे गणित आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंतीचे गणित निराळे असते.

पारखण्याची माझी पद्धत अशी आहे. पहिल्या भेटीत तो माणूस किती बोलतो यापेक्षा किती पाहतो, ते पाहावे. खिशातून टॉर्च काढून माळ्यावर चढणारा, भिंतीवर बोटाने टकटक करून पोकळ आवाज ऐकणारा, तुळईच्या टोकात आरी टोचून लाकूड किती खोल मऊ झाले आहे ते बघणारा, आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारणारा सल्लागार बहुधा विश्वासाचा असतो. पहिल्याच भेटीत चौरस मीटरचा दर सांगणाऱ्याला चहा देऊन निरोप द्यावा. त्याने केलेले एखादे काम पाच-सहा पावसाळे उलटल्यावर पाहायला जावे. नव्या रंगातले काम पाहून काहीच कळत नाही.

सल्लागाराचे शुल्क पाहणी, आराखडा आणि देखरेख अशा टप्प्यांत ठरवून लेखी घ्यावे. पाहणीचे शुल्क वेगळे दिले, म्हणजे पाहणीनंतर काम करू नये असे ठरले तरी कोणावर दडपण राहत नाही.

पाहणी अहवालात काय असले पाहिजे?

मोजमापांसह नकाशे, चारही बाजूंचे दर्शन, निदान एक आडवा छेद, प्रत्येक खोलीची छायाचित्रे आणि प्रत्येक दोषाचे कारण. कारण हा शब्द मी मुद्दाम लिहितो. ‘उत्तरेकडील भिंत ओली आहे’ हे तर मालकालाही दिसते. ती का ओली आहे हे ज्या अहवालात नाही, त्यावरून काम काढू नये.

याखेरीज घराचे कोणते भाग कोणत्या काळातले आहेत आणि त्यांतले काय कोणत्याही परिस्थितीत जपायचे, हे अहवालात स्पष्ट लिहिलेले असावे. येथे मालकाने आपले मतही नोंदवावे. एखाद्या कुटुंबासाठी कोरीव देव्हाऱ्याइतकीच मोलाची वस्तू म्हणजे ओसरीतला दगडी बाक असू शकतो, आणि हे सल्लागाराला आपोआप कळत नाही. काम सुरू होण्यापूर्वीची ही नोंद पुढे फार उपयोगी पडते, कारण भिंत एकदा उघडली की तिचे मूळ रूप पुन्हा पाहता येत नाही.

कौले उतरवताना त्यांच्या मागच्या बाजूची छायाचित्रेही घ्यावीत. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ साली सुरू केला आणि त्यानंतर अनेक कारखाने निघाले. प्रत्येक कौलावर कारखान्याचा ठसा असतो. एकाच छपरावर तीन वेगवेगळे ठसे सापडले, तर छप्पर निदान तीन वेळा हाताळले गेले असावे, हे कळते. त्याखालच्या एखाद्या कोपऱ्यात हाताने घडवलेले जुने नळे (अर्धगोल कौले) शिल्लक असतील, तर ते मंगळुरी कौलांच्या आधीचे असू शकतात आणि ते फेकून देऊ नयेत.

जुने दस्तऐवज कोठे शोधावेत?

पणजीच्या पुराभिलेख खात्यात, जमीन नोंदणीच्या जुन्या पोर्तुगीज नोंदींत, आणि देवळाचा विषय असेल, तर महाजनांच्या दप्तरात. पुराभिलेखागाराची परंपरा १५९५पासूनची आहे आणि तेथे पोर्तुगीजबरोबर मोडीतील कागदही आहेत. घरातल्या पेटीत मोडी कागदांचे गाठोडे असेल, तर ते उन्हात वाळवू नये आणि प्लास्टिकच्या पिशवीतही कोंबू नये. सुती कापडात गुंडाळून मोडी वाचणाऱ्याला दाखवावे. त्यात चुना, लाकूड आणि मजुरी यांचा खर्च मांडलेला असला, तर घराच्या बांधणीविषयी तेवढा भरवशाचा पुरावा दुसरा मिळत नाही.

गवंडी म्हणतो की चुना आता कोणी वापरत नाही, सिमेंटच पक्के. त्याचे ऐकावे का?

ऐकू नये. याविषयी मला स्वतःच्या घरचा अनुभव सांगणे भाग आहे. आमच्या फोंड्याकडील घराच्या स्वयंपाकघराची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात ओली होई, म्हणून आम्ही एका कंत्राटदाराकडून तिला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा करून घेतला. कोणालाही विचारले नाही. पहिल्या वर्षी भिंत कोरडी राहिली आणि आम्ही समाधानी झालो. तिसऱ्या पावसानंतर गिलाव्यावर बोटाने ठोकले, तर आतून रिकाम्या डब्यासारखा आवाज येऊ लागला. एक पापुद्रा हाताने ओढला, तेव्हा तो ताटाएवढा सुटून आला आणि त्याच्या मागचा चिरा ओल्या गुळासारखा झाला होता. बोट फिरवले की तांबडा चुरा खाली पडत होता. त्यावर मिठाचे पांढरे कण होते. आजोबांच्या वेळचा चुन्याचा गिलावा ओला दिसत असे, पण त्याच्या मागचा दगड शाबूत होता. आमच्या तीन वर्षांनी त्या दगडाचे जे केले, ते आधीच्या ऐंशी वर्षांनी केले नव्हते.

यामागचे कारण सरळ आहे. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याच्यापेक्षा मऊ आणि श्वास घेणारा असल्याने ओल त्यातून बाहेर पडते, क्षार त्याच्या पृष्ठभागावर जमतात आणि झिजायचे ते गिलाव्याचेच झिजते. गिलावा पुन्हा करता येतो. सिमेंट कठीण आणि बंद असते, म्हणून पाणी आतच अडकते, क्षार दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन फुगतात आणि दगड आतून फुटत जातो. त्यामुळे नियोजनाच्या काळातच जुन्या गिलाव्याचा नमुना तपासून त्यात चुना आणि वाळू किती प्रमाणात आहे, ते काढून घ्यावे आणि त्या मिश्रणाचा एक नमुना भिंतीच्या आडबाजूला लावून एक पावसाळा पाहावा.

मात्र याचा अर्थ गिलावा काढून चिरा उघडा ठेवावा, असाही होत नाही. उघड्या तांबड्या दगडाची आता आवड निर्माण झाली आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझूसची बासिलिका, जी १५९४ ते १६०५ या काळात बांधली गेली, तिचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढण्यात आला आणि तेव्हापासून तिचा चिरा दर पावसात झिजतो आहे. लोकांना आता तेच तांबडे रूप ओळखीचे झाले आहे, त्यामुळे गिलावा परत लावावा की नाही याविषयीही मतभेद आहेत. काही दशकांपूर्वी घेतलेला एक निर्णय पुढच्या पिढ्यांना किती अवघड प्रश्नात टाकतो, ते तेथे उभे राहून पाहण्यासारखे आहे.

छप्पर काढून स्लॅब टाकला, तर कटकट कायमची जाईल का?

जाणार नाही, तिचे स्वरूप बदलेल. मंगळुरी कौलांचे वजन चौरस मीटरमागे साधारण चाळीस-पन्नास किलो भरते आणि लाकूड त्याहून वेगळे; सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन त्याच चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो होते. मातीच्या सांध्यांत रचलेली चिऱ्याची जुनी भिंत या वजनासाठी बांधलेली नसते. शिवाय कौलांच्या फटींतून उन्हाळ्यातला ऊष्मा बाहेर जातो, ते बंद होते. छपराबाबत आधी वाशांची आणि पाट्यांची टोके तपासून घ्यावीत, कारण वाळवी आणि पाणी दोन्ही तेथूनच शिरतात. किडलेले टोक कापून त्याच जातीचे लाकूड सांध्याने जोडणे हे आपल्याकडील मेस्त (सुतार) पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, आणि बहुतेक वेळा सगळे छप्पर बदलण्याची गरजच पडत नाही. लाकूड मत्तीचे आहे, किंदळाचे, फणसाचे की सागाचे, हे आधी ओळखून घ्यावे, म्हणजे तसे सुकलेले लाकूड वेळेत मिळवता येते.

देवळाचा जीर्णोद्धार करायचा आहे. सल्लामसलत कोणाकोणाशी करावी?

देवळाच्या बाबतीत सल्लामसलत हा जुन्याच परंपरेचा भाग आहे. आपण तिचे क्षेत्र थोडे वाढवायचे आहे. महाजनांची सभा, देवस्थान समिती, पुजारी, गुरव, गावकार आणि ज्यांच्या घराण्याकडे वेगवेगळ्या सेवांचे मान आहेत ती कुटुंबे, या सर्वांना एकत्र बसवावे. १९३३च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे समितीच्या कारभारावर मामलेदाराची देखरेख असते, म्हणून ठराव रीतसर लिहिलेला असावा. देवाला कौल लावण्याची, म्हणजे देवाची संमती विचारण्याची, प्रथा जेथे आहे, तेथे तो लावला जातोच. तो केव्हा लावायचा, याचा मात्र विचार व्हावा. सगळा आराखडा ठरवून आणि कंत्राट देऊन झाल्यावर कौल लावण्यापेक्षा, पाहणी झाल्यावर आणि पर्याय समोर असताना लावला, तर त्या विचारण्याला अर्थ राहतो, असे मला मनापासून वाटते.

मूर्ती हलवावी लागणार का, किती काळ, नित्यपूजा कोठे होणार, जत्रा आणि पालखी यांत खंड पडणार का, हे प्रश्न वास्तुविशारदासमोरच बोलले जावेत, कारण त्यांच्या उत्तरांवर कामाचे टप्पे ठरतात.

येथे कावी कलेविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर हुरमुंजीच्या तांबड्या रंगाचा थर देऊन, तो ओला असतानाच खरवडून काढलेली वेलबुट्टी आणि देवतांची चित्रे गोवा आणि कोकण किनाऱ्यावरील अनेक देवळांत होती. त्यातील कितीतरी गेली, आणि ती पावसाने किंवा आक्रमणाने गेली नाहीत; जीर्णोद्धाराच्या उत्साहात भिंतींवर चकचकीत लाद्या बसवल्या गेल्या आणि चित्रे त्यांच्या खाली संपली. पेडणे तालुक्यात मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ही कला अजून पाहता येते. म्हणून ज्या देवळाच्या भिंतींवर रंगाचे अनेक थर आहेत, तेथे काहीही काढण्यापूर्वी तळहाताएवढ्या दोन-तीन जागी एकेक थर हलक्या हाताने सोडवून खाली काय आहे, ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. बांदोड्याच्या नागेशी मंदिराच्या सभामंडपातील रामायणाच्या लाकडी कोरीवकामासारखे काही आपल्या देवळात असेल, तर त्याला तैलरंग किंवा वॉर्निश लावण्यापूर्वीही हीच काळजी घ्यावी.

मूळ रूप राखून जीर्णोद्धार होऊ शकतो याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली उभारायला लावले. राज्य सरकारने त्याचे संवर्धन करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले. महाजनांनी निर्णयाला बसण्यापूर्वी तेथे एकदा जाऊन यावे, आणि बरोबर आपल्या गवंड्यालाही न्यावे.

कारागिरांना केव्हा बोलवावे?

आराखडा पक्का होण्याच्या आधी. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि सांधे जाणणारे मेस्त आता थोडेच उरले आहेत, त्यामुळे ते कोणत्या महिन्यांत मोकळे आहेत यावरच काम अवलंबून असते. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी दुरुस्त करणारा माणूस शोधायलाही वेळ लागतो. तुटलेल्या खिडकीतले शाबूत शिंपले काढून कापडात जपून ठेवावेत. वृद्ध कारागीर स्वतः काम करू शकत नसेल, तरी त्याला मानधन देऊन देखरेखीला बसवावे.

खर्चाचा अंदाज कितपत भरवशाचा असतो?

भिंत आणि छप्पर उघडेपर्यंत फारसा नसतो. म्हणून एकूण अंदाजाच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम वेगळी ठेवावी आणि एकरकमी कंत्राट देऊ नये. मोजमापावर आणि टप्प्यांवर पैसे द्यावेत. पैसा अपुरा असेल, तर पाण्याशी संबंधित कामे आधी, लाकूड नंतर, गिलावा त्यानंतर आणि रंग सर्वांत शेवटी, असा क्रम लावावा. प्रत्यक्षात मात्र चतुर्थीच्या तोंडावर रंग आधी होतो.

कामाचे वेळापत्रक कसे आखावे?

दिवाळीनंतर छप्पर उघडावे आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत ते पूर्ण झाकलेले असावे. या मुदतीत बसत नसेल, तर काम दोन हंगामांत विभागावे. चुना आधी भिजवून काही आठवडे, शक्य तर काही महिने मुरवावा लागतो, म्हणून तो पावसाळ्यातच भिजत घालावा. लावलेला गिलावाही घाईने सुकता कामा नये. उन्हाच्या दिवसांत ओली गोणपाटे टांगून त्याला सावकाश धरू द्यावे.

घर होमस्टे किंवा उपाहारगृहासाठी द्यायचे आहे. त्यासाठी वेगळे नियोजन लागते का?

लागते. विजेचा वाढीव भार, अधिक शौचालये, सांडपाण्याची टाकी आणि आगीपासून सुरक्षितता हे चार विषय पाहणीच्या टप्प्यावरच सांगावेत. प्रत्येक खोलीला शौचालय जोडताना पाण्याच्या नळ्या जुन्या भिंतींत खोदून नेल्या जातात आणि पुढे तेथेच गळती सुरू होते. शौचालये एकत्र, घराच्या मागील बाजूस वेगळ्या जोडणीत करता येतात का, हे आधी तपासावे. मालमत्तेचा वापर बदलण्यासाठीची परवानगी वेगळी असते.

सर्व वारसांच्या सह्या मिळायला आणखी दोन वर्षे लागतील. तोपर्यंत घर तसेच बंद ठेवावे का?

बंद ठेवू नये. महिन्यातून निदान दोनदा कोणीतरी जाऊन दारे-खिडक्या दिवसभर उघडाव्यात, म्हणजे आत वारा खेळता राहील. मे महिन्यात कौलांवरचा पालापाचोळा झाडून घ्यावा, पन्हळी मोकळ्या कराव्यात, सरकलेली कौले जागच्या जागी बसवावीत आणि भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपटी बोटभर असतानाच मुळासकट काढावीत. फुटलेल्या कौलांसाठी जुनीच पन्नासेक कौले मागच्या पडवीत रचून ठेवावीत. शेजारच्या घरी एक किल्ली आणि आपला फोन नंबर द्यावा आणि मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी एवढेच विचारावे, की राजांगणातले पाणी मोरीतून जाते आहे ना.